पिवळ्याची वाटणी

आमच्याकडं भाऊबंदकीत विहिरीचीसुद्धा वाटणी होते, मग लाइटीची का नाही? चुलत भावानं आणि मी मिळून लग्नांत लेझर लावायचा धंदा थाटला होता. धंदा मोडला तेव्हा चार जाणती माणसं ओट्यावर बसली आणि त्यांनी जमिनीसारखी समसमान वाटणी केली. लाल मशीन त्याला, हिरवं मला. पिवळं कुणाला, हे कुणी विचारलंच नाही, कारण पिवळं मशीन नव्हतंच.

तेच तर आमचं गुपित होतं. हळदीला नवरीच्या मागं पांढरा पडदा लावायचा. त्यावर लाल आणि हिरवा झोत एकाच जागी पाडला की पडदा पिवळाधमक. लाल जरा वाढला की केशरी, हिरवा वाढला की पोपटी. ते जुळवायचं काम माझं. राहात्यापासून पुणतांब्यापर्यंत लोक आम्हाला त्या पिवळ्यासाठी बोलवायचे. आणि हा वाटणीच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्यो नुसत्या वायरी धरायचा. कला माझी हाय." ते मी विसरलो नाही. विसरणारही नाही.

नंतरची पहिलीच सुपारी त्यानं घेतली ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या हळदीची. पिवळी लाइट करतो म्हणून शब्द देऊन बसला. त्याला वाटलं, लाल मशीनचं बटण फिरवून काहीतरी जमेल. मी मामा म्हणून गेलो, आणि हिरवं मशीन मुद्दाम टेम्पोत टाकून नेलं.

पडदा लालभडक झाला. पुढं हळदीनं माखलेली नवरी आणि मागं सगळं रक्ताळलेलं. एक म्हातारी म्हणाली, "आगं, हळद हाय का कंदुरी? बोकाड कापल्यावानी दिसतंय." अख्खा मांडव हसला. माझ्या जिवाला गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो घामाघूम होऊन टेम्पोपाशी आला. "हिरवं दे. पोरीच्या हळदीचा प्रश्न हाय."

"मी नुसत्या वायरी धरतो," मी म्हणालो. "कला तुझी हाय न्हवं? कर पिवळं."

मागोमाग बहीण आली. "दादा, तिच्याकडं तरी बघ." मी बघितलं. भाची पाटावर मान खाली घालून बसली होती. तरी मी ताडपत्रीची गाठ सोडली नाही.

बहीण तेव्हापासून बोलत नाही. लोक म्हणतात, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केला. केला. आता राहात्याचा एकजण लाल, हिरवा, निळा असे तिन्ही झोत एकाच मशीनमधून काढतो, तिन्ही मिळवून पांढरासुद्धा पाडतो. आम्हा दोघांना कुणी विचारत नाही. बायको म्हणते, ते हिरवं भंगारात घाला. मी घालणार नाही. रोज फडक्यानं पुसून ठेवतो. कधीतरी तो परत मागायला येईल, तेव्हा नाही म्हणायला ते घरात पाहिजे.