नळाचं ताजं पाणी आन् काचेवरची अंडी

शिळं पाणी ओतून द्यायची खोड आपल्या लातुरात कुणी लावली? नळ आला की घरातलं भरलेलं सांडायचं! राम राम ग्रुपवरच्या समद्यांला.

आमच्या म्हाताऱ्यानं काचेच्या पेटीत बोटाएवढे मिशावाले कॅटफिश पाळले. ते अंडी घालतील म्हणून वाट बघत बघतच मेला.

आज सकाळी काचेला अंडी चिकटलेली दिसली. मी देवळात जाऊन आले, तवर सुनेनं पेटी उपसून नळाचं पाणी भरलं.

"आत्या, लेकुरवाळ्या माशांला शिळं पाणी कशाला?" म्हणली.

नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतंय. दुपारी समदे मासे उताणे पडले. सून रडतीया, तिला काय बोलू?

अंडी अजून काचेलाच हायेत. जगतील का? हात जोडायची चित्रं नकोत. ज्यानं अशी पिल्लं काढलीत, त्यानंच बोलावं.