रतनबाईंचे जंतू

विंझरच्या रतनबाईंनी जन्मभर जंतांशी वैर धरलं. आळीतलं पोर झोपेत दात खातंय असं कळायचा अवकाश, की ह्या वावडिंगाचा काढा घेऊन दारात हजर. पाहुण्यानं तिसऱ्यांदा भात मागितला, तर त्याच्याकडेही त्या संशयानं बघायच्या.

म्हणूनच कॅन्सरच्या औषधाचं पहिलं सलाईन लावताना पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या पोटातल्या जंतूंचा ह्या औषधाशी संबंध आहे," तेव्हा रतनबाईंना पुढचं काही ऐकूच आलं नाही. फुप्फुसातला कॅन्सर त्यांनी कसाबसा मान्य केला होता. पण जंत? आपल्या पोटात?

घरी येताच त्यांनी फळी चाचपली. मुलाच्या, गोरखच्या, दाढेसाठी आणलेल्या आठ कॅप्सूल उरल्या होत्या. ह्यानं जंतू मरत्यात, असं मेडिकलवाला तेव्हा म्हणालाच होता. जंत काय न् जंतू काय, रतनबाईंच्या लेखी एकाच घरातले. चार दिवसांत आठही कॅप्सूल त्यांनी संपवल्या.

दुसऱ्या सलाईनला निघताना सून सोनिया दवाखान्याचा कागद वाचू लागली.

"आत्या, विचारल्याबिगर अँटिबायोटिक घेऊ नका म्हणत्यात. पोटातलं चांगलं जंतू औषधाला मदत करत्यात, ते मरत्यात त्यानं."

"चांगलं जंतू?"

"व्हय."

"आन् मेलं तर?"

"तर औषध लागू पडंलच असं न्हाई. का वो?"

"उगंच."

एसटी नसरापूरला आली. निघताना गुपचूप खोचलेलं कॅप्सूलचं रिकामं पाकीट रतनबाईंच्या कनवटीला टोचत होतं. सांगितलं तर बाई औषध बंद करतील. नाही सांगितलं तर चढवलेलं औषध वाया जाईल.

नर्सनं सुई धरली आणि त्यांनी हात मागे ओढला. समोर डॉक्टरीणबाई दिसताच पाकीट त्यांच्या हातात कोंबलं.

"बाई, म्या समदी मारली!"

"कुणाला मारलंत?" बाईंनी पाकीट वाचलं आणि त्या हसल्या नाहीत.

"बरं केलंत सांगितलंत. औषध आज देऊच. जंतू हळूहळू पुन्हा वाढतात. पण किती फरक पडला, ते मलाही आत्ता सांगता येणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये बघू."

सलाईन थेंबथेंब उतरू लागलं. रतनबाईंनी मोकळा हात पोटावर ठेवला. आत काहीच हलेना.

"उरला असाल तर ऱ्हावा हितंच, बाबांनो," त्या पुटपुटल्या. "काढा न्हाई पाजायची मी."