सर्दीवाली मॅडम

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोणीही शिंकलं की मनापासून आनंद होणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी धाकटी नणंद आहे. इतर लोक रुमाल काढतात, तोंड फिरवतात. ही खुर्ची जवळ ओढते. एस.टी.त मागच्या बाकावर कोणी खोकलं तर खिडकीची जागा सोडून मागे जाऊन बसते. एका लग्नात तिने नवरदेवाच्या मामांना भर पंगतीत विचारलं, "कवापासून हाये? पानी पातळ येते का घट्ट?" मामांचा घास हातातच राहिला. अकोल्यातल्या एका प्रयोगशाळेत ती सर्दीच्या विषाणूंवर संशोधन करते. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, त्यांच्या सर्द्या राहतात. माझ्या सख्ख्या भावाची ओळख तिने पाहुण्यांना "हे संक्रांतीपासून होळीपर्यंत खोकलेले" अशी करून दिली होती.

आमच्या घरात सर्दीचं खापर फोडायला पेरू, दही, कूलर असे ठरलेले आरोपी होते. तिने सगळ्यांना निर्दोष सोडलं. चिखलदऱ्याहून परतल्यावर आमचे हे शिंकायला लागले आणि तिथल्या गारठ्याला नावं ठेवू लागले, तेव्हा ती म्हणाली, "दादा, गारठ्यानं काई होत नाई. गाडीत तुया बाजूले कोन शिंकून राह्यलं होतं, ते आठव." ह्यांना आठवलंही. स्वतःला सर्दी झाली की तिची दिवाळीच. एकदा अकोल्याहून भर दुपारी फोन आला, आवाज पार बसलेला: "वयनी, विषानू मायाच नाकात सापडला! या वर्षीचा पयला!" मी वाफ घे म्हणाले, तर म्हणाली, "घेतो ना, पन आधी आनखी एक नमुना घेऊ द्या."

तिचा हट्ट एकच होता. सर्दीचे शंभरावर विषाणू, पण आपल्या गावातल्या पोरांच्या छातीत हिवाळ्यात नेमका कोणता उतरतो, हे कोणी पाहिलेलं नाही. "पुन्या-मुंबईच्या नाकांवरून आपल्या पोरांले औषधं देऊन राह्यले," ती म्हणायची. "साध्या सर्दीले बी जोरदार गोळ्या. काहून? तं माहीतच नाई म्हनून." त्यासाठी तिने अमरावती, नांदगाव पेठ आणि चांदूर बाजारकडची काही घरं निवडली. मूल आजारी पडलं की आईने फोन करायचा, हिने येऊन नाकातून कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा आणि बर्फाच्या डब्यातून अकोल्याला न्यायचा. फोन घेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मला वही आणि रकाने आवडतात हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मी मुलाचं नाव, वय, गाव, लक्षणं, पत्ता, घराची खूण असे रकाने आखले. शेवटचा रकाना माझा स्वतःचा होता, 'आदल्या दिवशी फोन केला'. उद्या इतक्या वाजता येतो म्हणून मी प्रत्येक घरी कळवायचे. एकही घर बंद सापडलं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

आणि नमुन्यांत काहीच सापडेना. पहिल्या महिन्यात नाही, दुसऱ्या महिन्यात नाही. पोरं खोकत होती, आया फोन करत होत्या आणि प्रयोगशाळेत सगळं कोरं. तिच्या वरिष्ठांनी बजावलं की हा महिना संपेपर्यंत असंच चाललं तर अमरावतीकडचं काम बंद, आणि एकदा बंद झालं की ते पुन्हा सुरू व्हायचं नाही. तिने डबे बदलले, बर्फ बदलला, काड्या बदलल्या. त्या दिवसांत ती आमच्याकडे जेवायला बसली की ताटाकडे बघत राहायची. समोर कोणी शिंकलं तरी मान वर करत नव्हती. तेव्हा मात्र मी घाबरले.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी चांदूर बाजारकडे भाजीपाला पिकवणाऱ्या एका कुटुंबाकडे गेलो. अकराची वेळ कळवली होती. गाडी लवकर मिळाली म्हणून दहालाच पोचलो. अंगणात आई मुलाला दोन गुडघ्यांत धरून त्याच्या नाकात कोमट मिठाचं पाणी सोडत होती. बाजूला तेलाची वाटी, पावडरचा डबा, इस्त्रीचा सदरा.

"काहून वं बाई, हे काय करून राह्यली?" नणंदेने विचारलं.

"थांबा ना मॅडम, अजून पावडर लावाची हाये!" बाई लाजली. "तुमी येवड्या शिकलेल्या, अकोल्याहून येता. तुमाले का शेंबडं नाक दाखवू? ह्या ताईचा फोन येते म्हनून बरं, नाक धुवाले टाइम भेटते. आमी साऱ्याजनी असंच करतो."

मी वही पदराखाली घेतली. नणंद माझ्याकडे बघत राहिली आणि मग मातीतच बसून पोट धरून हसली. "वयनी, तीन मयने तुमी फोन करकरून माये विषानू धुऊन काढले!" तेवढ्यात बाई म्हणाली, "धाकटीचं राह्यलं अजून. तिचं लय वाह्यते." नणंद उठली. "तिले हात लावू नोको! तशीच आन." दाराआडून एक तीन वर्षांची, कोणीही न पुसलेली देवी बाहेर आली. तिच्याइतक्या आदराने नणंदेने आजवर कोणाचं स्वागत केलेलं मी पाहिलेलं नाही.

तीन दिवसांनी फोन आला, धाकटीच्या काडीवर विषाणू सापडला होता. त्या आठवड्यात आम्ही न कळवता सहा घरी गेलो. दोन बंद सापडली, पण उरलेल्या चार घरांनी काम वाचवलं. शेवटचा रकाना मी पट्टी लावून खोडला. वर्ष पूर्ण झालं, निष्कर्ष आले, आणि अकोल्याच्या सभागृहात तिने ते मांडले तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. घरी जायचं ते न कळवताच, हा नियम तिच्या अहवालात छापलेला आहे. तो कोणाच्या चुकीतून आला, हे शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी डॉक्टरांना मी स्वतःहून सांगितलं.

आता तिची नवी घरं अकोल्याकडे आहेत आणि तिथले फोन दुसरं कोणी घेतं. इकडचं काम संपल्याचं मी सगळ्या घरांना कळवलंय, दोनदा. तरी परवा सकाळी चांदूर बाजारकडच्या त्या आईचा फोन आलाच. "ताई, पोराचं नाक वाह्यते. पुसलं नाई, धुतलं नाई, सकायपासून तसंच ठेवलं हाये. मॅडमले सांगा ना, लवकर या म्हना."

मॅडम आता येत नाहीत, हे मला तिसऱ्यांदा सांगवेना. मी वही उघडली, मुलाचं नाव, वय आणि गाव लिहून घेतलं, आणि म्हणाले, "आता पुसून टाक गं. सांगते मी त्यांना."