मामींना बुडवायचा सराव

सासूबाईंना पाण्यात बुडवायची परवानगी मला खुद्द पाळकसाहेबांनी दिली होती.

नुसती परवानगी नाही, तो माझ्या शिक्षणाचा भागच होता. त्याचं असं, की आमची ख्रिस्ती मंडळी कड्याच्या पलीकडं चार वस्त्यांवर विखुरलेली, आणि पाळकसाहेब एकटे. त्यांची मोटारसायकल तर त्यांच्यापेक्षा थकलेली. त्यात दसरा झाला की आमच्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. तिकडं कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, रविवार उजाडतो आणि मावळतो, पण उपासना घ्यायला कुणी नसतं. मागच्या हंगामात तिकडं एक म्हातारी आजारी पडली. पाळकसाहेबांनी तिच्यासाठी फोनवरून प्रार्थना केली, आणि ऐन आमेनच्या वेळी रेंज गेली. म्हातारी बरी झाली, पण अजून म्हणते, माझी प्रार्थना अर्धीच झालीय. तेव्हा पाळकसाहेबांनी ठरवलं, बाहेरून सेवक मागवायचे नाहीत, मंडळीतूनच तयार करायचे. (म्हणजे माझ्यासारखे. त्यांच्याकडं निवडीला किती वाव होता, हे ह्यावरून लक्षात यावं.)

उन्हाळाभर मी शिकत होतो. वचन कसं सांगायचं, गाणं कसं उचलायचं, आजाऱ्याला कसं भेटायचं. आजाऱ्याकडं गेल्यावर आपल्याच पाठदुखीचं सांगत बसायचं नसतं, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. आता येत्या रविवारी पाळकसाहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून मला सेवेला नेमणार होते, आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोप्यांवर जाऊन मी मंडळी सांभाळणार होतो. मला तर ह्याची एवढी हौस, की मी पांढरा शर्ट आधीच शिवून घेतलेला.

अडचण एकच होती, माझे सासरे. मामा आमच्या मंडळीचे जुने कारभारी, आणि त्यांनी हरकत घेतली की पाळकसाहेबही पुढं जात नाहीत. मामांचं म्हणणं सरळ होतं.

"जावई हाय म्हणून काय झालं? पोरगी दिली, मंडळी द्यायची न्हाई."

"पण मामा, मी शिकलोय की सगळं."

"ऐन वक्ताला तुमचे हातपाय गळतात. लग्नात अंगठी कोणाच्या बोटात घालायची हे सुदिक इसरला होता तुमी."

(हे खरं आहे. पण करवली मध्येच हात पुढं करून उभी होती, हे कुणी सांगत नाही.)

तर करून दाखवायचा राहिला होता तो बाप्तिस्मा. आमच्यात तो पूर्ण पाण्यात बुडवून देतात, आणि पाळकसाहेबांचा नियम असा, की जे काम मंडळीसमोर करायचं ते आधी एकदा करून दाखवायचं. पण माझ्या हातून बुडून घ्यायला कुणी तयार होईना. माझ्या बायकोनं, रूथनं, तर सर्दीचं निमित्त सांगितलं. शेवटी मामीच पदर खोचून पुढं आल्या.

"मी येते. माझा बाप्तिस्मा कवाच झालाय. बुडाले तरी वरच जाईन. जावईबापूला काय घोर न्हाई."

यंदा पाऊस रुसलेला, नदीत शेळ्या बसत होत्या. पाणी होतं ते फक्त मामांच्या शेततळ्यात, तेही कमरेएवढं. आता ज्यांनी शेततळं पाहिलंय त्यांना माहीत आहे, त्या प्लास्टिकच्या कागदावरून खाली उतरणं सोपं, वर येणं देवाच्या हातात. म्हणून प्रत्येक तळ्यात काठाच्या खुंटीला बांधून एक दोर सोडलेला असतो. मामांच्या तळ्यालाही होता. तो मामांनी आदल्या दिवशी सोडून रविवारच्या मांडवाला बांधला. (हरकत घ्यायची तरी सावलीत बसून घ्यावी, हा विचार.) ही गोष्ट सांगायला मामा विसरले, कारण मी पाय कसे रोवायचे हे मला शिकवण्यात ते गुंतले होते.

पाळकसाहेब काठावर उभे राहिले. रूथला त्यांनी मोबाईलवर शूटिंग करायला सांगितलं, चुका नंतर बघता येतील म्हणून. मला म्हणाले, "हे बघ, सराव आहे. पवित्र वाक्य उगाच उच्चारायचं नाही. नुसतं एक, दोन, तीन म्हणायचं."

मी आणि मामी बसून घसरत खाली गेलो. मामी माझ्या आधी पोचल्या, वजनाचा फायदा. मी एक हात त्यांच्या पाठीमागं घेतला, दुसऱ्यानं त्यांचे हात धरले, आणि "एक" म्हणालो. दोनच्या आत तळाचं शेवाळ माझ्या पायाखालून गेलं. मामींच्या आधी मीच पाण्यात गेलो. मामींनी माझी कॉलर धरून मला वर काढलं आणि विचारलं, "तीन झालं का?"

"चुकलं," पाळकसाहेब म्हणाले. "वर या, परत करू."

इथं दोर नसल्याचं उघड झालं. मी चढायला गेलो, घसरलो. परत गेलो, परत घसरलो. मामा चिडले. "मर्दासारका मर्द आन् एवढं चढता येईना?" असं म्हणत त्यांनी वाकून हात दिला. मी तो धरला. पुढच्या क्षणी मामा धोतरासकट माझ्या शेजारी उभे होते.

"कुणी हलू नका," पाळकसाहेब म्हणाले आणि एक पाऊल पुढं आले. कागद ओला झालेला होताच. पाळकसाहेब अगदी शांतपणे, उभ्या उभ्या, हातातल्या पवित्र शास्त्रासकट, म्हणजे बायबलासकट, खाली आले. शास्त्र तेवढं त्यांनी शेवटपर्यंत डोक्यावर धरलं होतं.

"रूथ, ते शूटिंग बंद कर," मी ओरडलो.

"कावून? साहेबच म्हणले ना, चुका नंतर बघायच्या. आता कुठं चुका सुरू झाल्यात."

पाळकसाहेब हाडाचे शिक्षक. पाण्यात उभे राहूनही मला विचारतात, "सांग, अशा प्रसंगी पुढाऱ्यानं काय करावं?"

"प्रार्थना."

"परार्थना वर गेल्यावर करा," मामी म्हणाल्या. "आदी मला वर घाला. चुलीवर कालवण हाय."

तेवढ्यात शेळ्या घेऊन बिरूनाना बांधावर आले. एकेकाकडं नीट बघून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले,

"काय चाललंय?"

"सराव," मामा म्हणाले.

"कशाचा?"

"पाण्यात उतरायचा."

"मंग जमलाय की बेस. वर यायचा सराव उंद्याच्याला हाय काय?"

नानांजवळ शेळ्यांना फांद्या वाकवून द्यायची लांब आकडी होती. काठावरच्या बाभळीला एका हातानं धरून त्यांनी ती खाली सोडली. आधी मामी गेल्या, खालून आम्ही तिघं ढकलत. मग पाळकसाहेब. मग नानांना दम लागला, आणि मी व मामा दोघंच पाण्यात राहिलो. मामा थरथरत होते. त्यांना पोहता येत नाही हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारली आणि ते वर जाईपर्यंत सोडली नाही. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला लई भरून आलं.

रविवारी मांडवात पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मामा उठले.

"न्हाई," मामा म्हणाले. "माणूस घसरतो, पण धरलेलं सोडत न्हाई. तळ्यात मला धरून उबा होता. जाऊ द्या त्याला कोप्यांवर."

माझे डोळे ओले झाले. मंडळीतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. आणि मागून मामींचा आवाज आला, "अवो, शूटिंगमदी बगितलं मी. त्याचे पाय लटलटत व्हते, म्हणून तो तुमाला धरून उबा व्हता."

मांडवात हशा पिकला. मामा माझ्याकडं बघायला लागले. पण शब्द दिला गेला होता, आणि आमचे मामा दिलेला शब्द मागं घेत नाहीत, मग तो कितीही महाग पडो. ते तोंड फिरवून बसले.

मी पांढऱ्या शर्टात पाळकसाहेबांसमोर गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, माझ्या डोक्यावर जड हात ठेवला, आणि पहिला शब्द उच्चारायच्या आत मी छाती भरून श्वास घेतला आणि दोन बोटांनी नाक दाबलं.