गोल करून बसा, सर!

काय काम करता असं कोणी विचारलं, की मी सांगते, "शिक्षकांना मुलांशी बोलायला शिकवते." समोरचा हसतो. मग मी एक किस्सा ऐकवते, आणि त्याला लगेच दुसरा हवा असतो. नाशिकमधल्या शाळा फिरता फिरता माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की घरचे जेवायला बसताना आधीच बजावतात, "आज शाळा नको!" तरी द्वारका चौकाजवळच्या त्या एका शाळेतले चार शनिवार सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काम तसं साधं. मुलाने काही केलं, की शिक्षेआधी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या. काय झालं? त्रास कोणाला झाला? आता ते नीट कसं करायचं? बस्स, एवढंच!

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका शिंदे मॅडमनी ड्रॉवर उघडून मला एक कागद दाखवला. नववीतल्या सानियाचा शाळा सोडल्याचा दाखला. तिने वर्गशिक्षक भामरे सरांच्या हजेरीपटाचं पान भर वर्गात फाडलं होतं.

"फक्त सही बाकी आहे, ताई. तुमचं ट्रेनिंग संपेपर्यंत थांबते."

वर्षाच्या मध्यात काढलेल्या मुलीला दुसऱ्या शाळेत कोण घेणार? ती घरी बसणार, हे मॅडमना माहीत होतं आणि मलाही.

*

पहिला शनिवार. मी म्हटलं, "खुर्च्या गोल मांडा." अर्धा तास गेला! खुर्च्या मांडून झाल्या, पण बसेना कोणी. शेवटी एक सर अदबीने पुढे आले.

"ताई, सेवाज्येष्ठता कुठून धरायची?"

"गोलाला सुरुवात नसते, सर."

"असं कसं? मॅडम कुठेतरी बसतीलच ना? तिथून सुरू!"

झालं, तिथून सुरू. क्रमाने बसत बसत सगळ्यात ज्युनिअर शिक्षिका मॅडमच्या मांडीला मांडी लावून आली, कारण गोल तिथेच संपत होता. बिचारी दिवसभर शिंकलीसुद्धा नाही!

*

या बैठकीत एक वस्तू हातोहात फिरते. ज्याच्या हातात ती, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. चेंडू, पेन, काहीही चालतं. मी सांगितलं, "पुढच्या शनिवारी तुमच्या आवडीची वस्तू आणा."

पीटीचे गांगुर्डे सर छडी घेऊन आले!

"सर, ही?"

"हीच ना ताई! वीस वर्षं झाली, ही हातात असली की वर्गात दुसरं कोणी बोलतच नाय!"

*

गांगुर्डे सर रोज निफाडहून येतात. माणूस उत्साही, तीच पंचाईत. मी शिकवत होते, की मुलाला 'तू वाईट आहेस' म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करायची. सर ताडकन उभे राहिले.

"मला असं वाटतं, की याला दोन ठेवून द्याव्यात!"

मी कपाळाला हात लावला. सर दुखावले. "आता 'मला वाटतं' म्हटलं की मी!"

त्याच आठवड्यात त्यांचा फोन. "ताई, सातवीचा गोल केला! लय भारी झालं!"

"किती वेळ?"

"दोन तास. मैदानावर. दुपारी बारा ते दोन."

"उन्हात? मुलं काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, त्यापेक्षा मारा."

*

तिसऱ्या शनिवारी मात्र चमत्कार झाला. आठवीतल्या दोन मुलींचं जुनं भांडण गोलात खरंच मिटलं. दोघी रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मीही डोळे पुसले. तेवढ्यात शिंदे मॅडमनी मोबाइल काढला.

"पुन्हा मिठी मारा गं, वर शिक्षण खात्याला फोटो पाठवायचाय."

मारली.

"थांबा, फोटोवर लोकेशन आलं नाही."

पुन्हा मारली. चौथ्या मिठीला दोघी पुन्हा भांडल्या!

त्या दिवशी मी घरी जाऊन संतापाने रडले. आता एकच शनिवार उरला होता, आणि ड्रॉवरमधला कागद होता तिथेच होता.

*

चौथा शनिवार. सानिया आली, सांगितलेल्या खुर्चीवर बसली. समोर भामरे सर. तीन शनिवार या माणसाने तोंड उघडलं नव्हतं. हातात वस्तू आली, की शेजाऱ्याला देऊन मोकळे.

मी सानियाला विचारलं, "काय झालं होतं?"

"मी धाकटीला तिच्या शाळेत सोडून येते. मग द्वारकेचा चौक ओलांडताना पाच मिनिटं उशीर होतो. सर गैरहजर मांडतात. दिवसभर मी वर्गात असते, सर मला प्रश्नपण विचारतात. तरी मी गैरहजर! त्या दिवशी पट बघितला. पूर्ण महिना मी नव्हतेच."

"त्रास कोणाला झाला?"

वस्तू भामरे सरांकडे गेली. ती त्यांनी या वेळी पुढे दिली नाही.

"मला. तीस वर्षांत माझ्या पटावर साधी खाडाखोड नाही."

"मग आता ते नीट कसं करायचं, सर?"

"तिने पान पुन्हा लिहावं. माझ्यासमोर."

सरांनी खिशातून पाकीट काढलं. फाटलेल्या पानाचे सगळे तुकडे त्यात जपून ठेवलेले! तुकडे जुळवून सर नावं वाचू लागले, सानिया नव्या पानावर उतरवू लागली. हजर, हजर, गैरहजर, हजर. तेविसावा नंबर आला आणि तिचं पेन थांबलं.

"सर, माझं काय लिहू?"

भामरे सर हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "उशिरा आली, असं लिही."

शिंदे मॅडम घाईघाईने पुढे वाकल्या. "अहो सर, पटात तसा रकाना नाही!"

भामरे सरांनी चष्मा सारखा केला आणि सानियाकडे हात पुढे केला.

"पट्टी दे गं. आखतो."