डिक्कीतली खडखड आन मिलिंदचं लग्न

आमच्या दुकानात दोन गोष्टी फेकवत न्हाईत. एक, गाडीच्या पत्र्याला आतून लावायच्या काळ्या चिकट शीटचे उरलेले तुकडे, आन दुसरे किस्से. दोन्ही कोपऱ्यात साठत जातात. चहा पिता पिता कुणी एक उचलला, की त्याला चिकटून दुसरा आलाच म्हणून समजा!

दुकान जिंतूरला हाय. गाडीत गाण्याचा मोठा वूफर बसवला, की बेसच्या दणक्यानं डिक्की खडखडायला लागती. ती खडखड काढायचं काम आमचं. आमी म्हणजे मी आन मिलिंद. मी पुढं बसून आवाज वाढवायचा, मिलिंदनं डिक्कीत आडवं व्हायचं. वरून डिक्की बंद! मग दातात टॉर्च धरून, एकेक पत्रा हातानं दाबत, कुठं वाजायलंय ते त्यानं हुडकायचं. मला जमत न्हाई, माझं पोट आडवं येतंय. मिलिंद पाच फूट एक इंच, त्यामुळं हा हुद्दा कायमचा त्याच्याकडं.

पोरगा सोन्यासारखा हाय हो. पण बत्तीस वर्षांचा झाला आन लग्न काही जमंना. घरी त्याची आई रोज इचारायची, "आज कुठलं स्थळ आलं का?" लय जीव तुटायचा माझा. आन गंमत बघा, जितक्या बारी मोडलं तितक्या बारी कारण हे डिक्कीचं कामच!

* * *

एकदा एक हेडमास्तर आले. खेड्यावरची शाळा, गाडी नवीकोरी. म्हणले, "गाणं लावलं की मागं शाळा सुटती हो!"

मला वाटलं, गुरुजींना ऊन लागलं. पण गाणं लावलं तर खरंच! बेस पडला की मागून टण्ण! परत बेस, परत टण्ण! मिलिंद आत शिरला आन दोन मिनिटांत सतरंजीत गुंडाळलेली पितळी घंटा घेऊन बाहेर आला.

"गुरुजी, ही शाळेची?"

"हां. तिथं ठिवली की शिपाई तीनलाच शाळा सोडतोय. म्हणून सोबतच नेतो."

"मग तुमी रजेवर असलात की?"

गुरुजींनी जरा इचार केला. म्हणले, "तवा सुटत न्हाई."

पण माणूस दिलदार. मिलिंदचं काम बघून खूश झाले आन त्याच्यासाठी राणीसावरगावचं स्थळ त्यांनीच सुचवलं.

* * *

त्या स्थळाकडनं मुलीचे वडील एक दिवस चौकशीला आले. कोण, कुठले, काही सांगितलं न्हाई. मी सीटखाली वायरी ओढायलो होतो. त्यांनी इचारलं, "मिलिंद कुठं हायत?"

"डिक्कीत झोपलाय."

"आत्ता? भर दुपारी?"

"सकाळपासून! दोन गाड्यांत झोपून झालं, ही तिसरी!"

देवाशप्पथ सांगतो, मी पोराचं कौतुक करायलो होतो. त्यांनी हळूच इचारलं, "आन घरी?"

"घरी झोपायला त्याला टाइम कुठंय!"

चहा सांगितला होता, तो न पिताच ते गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन. "अरे, ते म्हणायलेत पोराला घर न्हाई, लोकांच्या गाड्यांत झोपतो!"

मिलिंद दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. आतून नुसता पत्रा वाजवायचा.

* * *

दुसरं स्थळ परभणीचं. मी पण गेलो होतो सोबत. बैठकीत काचेची शोकेस, त्यात कपबश्या, आन शेजारी कूलर चालू. पोहे आले, मुलगी येऊन बसली. वडिलांनी इचारलं, "पुढं काय करायचा इचार हाय?"

मिलिंदनं डोळे मिटले आन म्हणला, "शूऽऽ!"

हा उठला, शोकेसला तळहात लावला, मग कान लावला. खिशातनं स्वतःचाच बायोडाटा काढला, त्याची चारपदरी घडी घातली आन काचेच्या खाचेत ठोसली. कपबश्यांची किणकिण बंद! येऊन बसला आन म्हणला, "हां, आता बोला."

मुलीची आई म्हणली, "अहो, मुलगी इकडं बसलीय!"

बायोडाटा तिथंच राहिला. तो काढला तर परत वाजंल, म्हणून ह्यानं मागितलाबी न्हाई. निरोप काय आला ते सांगायला नकोच.

* * *

मग मी म्हणलं, आता डोकं चालवायचं. नवा बायोडाटा मीच लिहिला. कामाच्या रकान्यात टाकलं, 'साऊंड इंजिनिअर'.

मिलिंद म्हणला, "खोटं हाय हे."

"साऊंडचं काम करतोस ना?"

"करतो."

"मग इंजिनिअरचं कोण इचारतंय!"

तो बायोडाटा वालूरला गेला आन तिकडनं लगेच बोलावणं आलं. दुपारी चारचा कार्यक्रम. त्याचे आई-वडील सकाळच्या एसटीनं पुढं गेले. मिलिंदचा इस्त्रीचा शर्ट दुकानात खिळ्याला टांगलेला. म्हणला, "एवढी एक गाडी करतो, मग तुझ्या फटफटीवर निघू."

ती गाडी एका परगावच्या अनोळखी पावण्याची होती. "लवकर करा, मला गावाकडं जायचंय," एवढंच बोलले आन समोर चहाला गेले. मिलिंदनं मोबाइल, किल्ल्या, चिल्लर काउंटरवर ठिवली, कारण खिशात काही असलं तर तेच वाजतंय. आमच्या खुणा ठरलेल्या. एकदा ठोकलं की आवाज कमी कर, दोनदा ठोकलं की खडखड सापडली. तो आत शिरला. मागच्या सीटला वूफरचं खोकं टेकलेलं, त्यामुळं तिकडनं बाहेर यायला वाट न्हाई. मी डिक्की लावली, गाडी चालू करून गाणं लावलं आन शीट कापून आणायला दुकानात गेलो.

बाहेर आलो तर गाडी न्हाई!

पावण्यानं चहा पिला, गाडी चालू दिसली, काम झालं समजून बसला आन निघाला! मी शर्ट हँगरसकट खांद्यावर टाकला आन फटफटीला किक मारली.

वालूरच्या रस्त्याला गाडी दिसली. मनात म्हणलं, चला, निदान दिशा तरी बरोबर हाय! कसाबसा बरोबरीला जाऊन बोंबललो, "डिक्की! डिक्की!" पावण्याला वाटलं मी इचारायलोय, कशी झाली डिक्की. त्यानं हसून अंगठा दाखवला आन आवाज अजून वाढवला.

गाडी थांबली ती थेट वालूरला, एका घराच्या अंगणात. बघतो तर खुर्च्यांवर मिलिंदचे आई-वडील! पावणा म्हणजे मुलीचा सख्खा मामा निघाला.

मामा उतरला आन माझ्यावरच धावला. "ये, ये! कसली खडखड काढली रे? आवाज वाढवला तवापासून दोनदा वाजतंय, थांबतंय, परत दोनदा वाजतंय!"

"मामा, सापडली म्हणायलाय तो."

"कोण?"

मी डिक्की उघडली.

मिलिंद बाहेर आला. केसांत काळा चिकटा, तोंडभर धूळ, दातात टॉर्च. त्यानं टॉर्च काढली, हात जोडले. "जय भीम."

सगळं अंगण म्हणलं, "जय भीम."

मुलीच्या वडिलांनी इचारलं, "तुमीच का साऊंड इंजिनिअर?"

"न्हाई. ते ह्यानं लिहिलंय. मी गाड्यांची खडखड काढतो. मामा, तुमच्या जॅकचा पाना सैल होता. फडक्यात गुंडाळून बांधलाय."

मिलिंदच्या आईनं तोंडाला पदर लावला. मी शर्ट धरून तसाच उभा. ह्या पोराचं लग्न परत माझ्याच हातानं मोडलं, असं वाटून रडूच यायला लागलं मला.

तेवढ्यात दारातनं प्रज्ञा, म्हणजे मुलगी, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. तिनं सरळ मिलिंदलाच इचारलं, "आत अंधारात भीती न्हाई वाटली?"

"लय वाटली. चारला पोचतो का न्हाई म्हणून."

तिनं मान वळवली. "मामा, किती वाजले?"

मामानं घड्याळ बघितलं. "चारला पाच कमी."

तिनं तांब्या पुढं केला. "हात धुवा. पोहे थंड व्हायलेत."