मुक्ताचे बाबा आणि सिमेंटचा पाइप

मी भित्रा माणूस आहे आणि मला त्याचाच पगार मिळतो. रोह्याजवळच्या एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. कुठे काय बिघडू शकेल, कोण कसा पडेल, काय कुठे पेटेल, याचा दिवसभर विचार करायचा, हे माझं काम. (घरी मी तेच फुकट करतो.)

आमची साडेचार वर्षांची मुक्ता शेजारच्या अष्टमी गावातल्या एका बालवाडीत जाते. तिथे पुस्तकं कमी आणि उद्योग फार. मुलं स्वतः माती कालवतात, खिळे ठोकतात, काय करायचं तेही स्वतःच ठरवतात. दर महिन्याला एका पालकाने दिवसभर तिथे थांबायचं असतं. त्या महिन्यात बायको म्हणाली, "या वेळी तुम्ही जा. मला तिथं काही भीती वाटत नाही, त्यामुळे मजा येत नाही."

बालवाडीच्या सुनंदाताईंनी दारातच नियम सांगितला. "दादा, मुलांनी मागितल्याशिवाय मदत करायची नाय. नुसतं बघायचं."

पहिल्याच तासाला मुलांनी सुऱ्या काढल्या. काकडी चिरायला. चौदा मुलं, चौदा सुऱ्या आणि प्रथमोपचाराची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर! मी त्यांची बोटं मोजत बसलो. एकशे चाळीस भरली, तेव्हा कुठे श्वास सोडला.

मग एकेक करून मुलं अंगणात येऊ लागली. तिथे रस्त्याच्या कामातून उरलेला एक लांबलचक सिमेंटचा पाइप आडवा पडलेला होता. पलीकडच्या तोंडाला मुलांनी गोणपाटाचा पडदा लावला होता, त्यामुळे आत मिट्ट काळोख. मुक्ता रांगत आत गेली. मी वाट बघितली. ती आली नाही.

"मुक्ता?"

मी तोंड पाइपाला लावून पुन्हा हाक मारली.

"मुक्ता, बाळा, ओ दे."

ताई वर्गात उरलेल्या मुलांचे हात धूत होत्या. पाइपात मण्यार असेल. विंचू असेल. पोरगी गुदमरली असेल. पलीकडे जाऊन पडदा उचलावा, एवढं साधं मला सुचलं नाही. मी डोकं घातलं, खांदे घातले, सरपटत कमरेपर्यंत आत गेलो आणि अडकलो.

पुढे जाईना, मागे येईना. छाती सिमेंटला घासत होती. काळोखात हात फिरवला, तर मुक्ता हाताला लागेना. आता मात्र मी खरंच घाबरलो. "ताई," मी ओरडलो, "मुक्ता नाहीये. आणि मी आहे."

तेवढ्यात माझ्या पायाशी ओळखीचा आवाज आला. "बाबा, तुम्ही आत काय करताय?"

ती केव्हाच पलीकडून बाहेर पडून जास्वंदीखाली मुंग्या बघत बसली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मात्र येत नव्हता.

"तू ओ का नाही दिलीस?"

"मुंग्या घाबरल्या असत्या."

ताई धावत आल्या. मला दिसत नव्हत्या, पण त्यांचा शांत आवाज ऐकू आला. "मुलांनो, मुक्ताचे बाबा अडकलेत. काय करूया?"

"ताई, तुम्हीच काढा ना," मी आतून म्हणालो.

"काढू, दादा. आधी त्यांना विचार करू दे."

चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, काका बारीक होईपर्यंत थांबूया. दुसरीने सुरी आणू का, असं विचारलं. मी पाय जवळ ओढले, जेवढे ओढता आले तेवढे.

मग जिते गावाहून येणारी गार्गी म्हणाली, "आमचं रेडकू असंच अडकलं व्हतं. आज्यानं तेल लावलं न् मागं वढलं."

सर्वानुमते मी रेडकू ठरलो. छोटे छोटे तेलकट हात माझ्या कमरेपर्यंत पोचले. "काका, पोट आत घ्या," गार्गीने हुकूम केला. मी घेतलं. चौदा मुलं आणि ताई माझ्या पायांना लागल्या, आणि तिसऱ्या हिसक्याला मी शर्ट डोक्यावर आणि एक बूट कमी अशा अवस्थेत उजेडात आलो. मुक्ताला इतकं घट्ट धरलं की तिच्या फ्रॉकवर माझ्या अंगावरचं तेल उमटलं.

संध्याकाळी ताईंनी दिवसाची नोंद पालकांच्या ग्रुपवर टाकली:

'आजची कृती : जड वस्तू ओढणे. साहित्य : खोबरेल तेल, सिमेंटचा पाइप, मुक्ताचे बाबा. मुलांना फार आवडले. पुन्हा घ्यावे.'